सगळ्यांना एकच माप

कुणी कुणाबद्दल मत दिलं, की आमचे साहेब चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "सोता बघितलं का ऐकलं?"

वाळूजच्या एका कारखान्यात ते पर्सोनेल ऑफिसर होते आणि मी त्यांचा कारकून. साहेब मूळचे सिल्लोडकडचे. कामगारांचे वार्षिक शेरे त्यांच्या टेबलावर यायचे. तुम्हीही असे शेरे वाचले असतील: 'वृत्ती बरी नाही', 'सुधारणेस वाव'. पूर्वी अशाच एका शेऱ्यावर कंपनीनं माणूस काढला होता आणि लेबर कोर्टात वृत्ती म्हणजे नेमकं काय, ते कुणालाच सांगता न आल्यानं कंपनी हरली होती. तेव्हापासून साहेबांनी शेऱ्यांतली विशेषणंच बंद केली. काय केलं, काय बिघडलं, एवढंच लिहायचं, आणि ते त्या माणसाला समोर बसवून वाचून दाखवायचं. आमच्या फोरमनला हे वाचन फार जड जायचं. पाठीमागं 'कामचुकार' लिहिणारा हा गडी तोंडावर "तसा बरा हाय" म्हणून मोकळा व्हायचा.

मला मोठं कुतूहल होतं. हा माणूस मनानं दयाळू, की नुसताच कायदेबाज?

दुष्काळात ते कळायची वेळ आली. शहर पडेगावच्याही पुढं पसरत चाललं होतं आणि नव्या वस्त्यांना पाणी टँकरचं. कारखान्यांचंही पाणी तोडलं, काम घटलं. आमच्याकडं दोघं प्रोबेशनवर होते. त्यातला एकच कायम होणार, दुसरा घरी जाणार. फोरमननं पडेगावच्या ऑपरेटरला 'बेजबाबदार' लिहिलं आणि दुसऱ्याला 'होतकरू'.

"लई लेट येतो, साहेब. टँकरच्या लाईनीत उभा ऱ्हातो."

"मग लेट येतो असं लिहा. अन् ह्यो होतकरू कधी येतो?"

होतकरू म्हणजे जनरल मॅनेजरांचा भाचा. पुंडलिकनगरहून मोटारसायकलवर यायचा, तोही उशिराच.

मला वाटलं, साहेब पडेगाववाल्याचा उशीर माफ करतील. छे! त्यांनी दोघांचाही उशीर लिहायला लावला. "टँकरचं माफ करीन, तर मामाचं बी माफ करावं लागंल," म्हणाले. मग दोघांनी केलेला माल स्वतः तपासायला बसले. भाच्याचा बराचसा माल खराब म्हणून परत आलेला निघाला. पडेगाववाला कायम झाला.

जनरल मॅनेजरांनी तेव्हा कागदावर सही करून टाकली. वर्षअखेरीला मात्र साहेबांच्याच शेऱ्यात आलं, 'जुळवून घेत नाहीत'. कुणी बसवून वाचून दाखवलं नाही, सरळ कामावरून काढल्याची नोटीस हातात ठेवली. आमचा नुसता जळफळाट झाला.

ते गावी निघाले त्या दिवशी मी आणि पडेगाववाला बसस्टँडवर गेलो. त्याला राहवेना. "साहेब, तुम्ही कोर्टात जावा की! असल्याच शेऱ्यावर मागं कंपनी हरली ना!"

साहेब सिल्लोडच्या बसच्या पायरीवर थांबले.

"अरे, ते कोर्ट कामगाराचं. माझं गाऱ्हाणं तिथं घेतच नाय. मी साहेब पडलो ना!"

आणि मोठ्यानं हसले. आम्हा दोघांना काही हसू आलं नाही.