पासवर्ड टाकताना भिंतीकडे बघणारे भाई

गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की भाई भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. नुसती मान नाही, अख्खा माणूस वळायचा, हात मागे बांधून. "झालं" ऐकू आल्याशिवाय परत फिरायचा नाही. मळवलीतल्या निम्म्या बंगल्यांत त्यांनी वायफाय बसवलं होतं आणि एकाचाही पासवर्ड त्यांना ठाऊक नव्हता. याचा त्यांना केवढा गर्व!

भाई औंढ्याचे. तोंडाने फटकळ, खिशात कंगवा, शिडी चढण्याआधी केस विंचरणारच. छताला वायफाय फेकणाऱ्या ॲक्सेस पॉइंटची पांढरी थाळी बसली की मालकाच्या मागे लागायचे: कंपनीने दिलेला पासवर्ड आत्ताच बदला, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा. मालक म्हणायचे, इथे जंगलात कोण येतंय? "मग दाराला कुलूप कशाला? तेबी काढून टाका," भाई म्हणायचे. मालकांना असं बोलणारा दुसरा माणूस मी मावळात पाहिलेला नाही. आमच्या बंगला-कामगारांच्या संघटनेतसुद्धा नाही.

सुमनमावशी त्यातल्याच एका बंगल्याची राखण करायची आणि मागच्या खोलीत राहायची. खोलीपुढे ताडपत्रीच्या आडोशाची मोरी, वर उघडी. मालकाने गॅलरीत कॅमेरा लावला, त्याचं तोंड थेट त्या मोरीवर. कारण काय, तर सुरक्षा! भाईंनी पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करून दिलं होतं, पण पाहुण्यांना कटकट होते म्हणून मालकाने ते मोडलं आणि सगळे पासवर्ड कारखान्यातून आले तसे करून ठेवले. म्हणजे जो पाहुणा वायफायवर आला, त्याला कॅमेरा मोकळा. एका रविवारी मावशी पोहे वाढत होती. एका पाहुण्याने हसत मोबाइल तिच्यापुढे धरला. त्यात ती अंघोळ करत होती.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्याने मावशीलाच विचारलं, उघड्यावर अंघोळ कशाला करता? हे वाक्य मी संघटनेच्या पत्रकात जसंच्या तसं छापलं.

तिथून मावशी भाईंकडे आली. आम्ही तिघं बंगल्यावर गेलो. पासवर्ड कारखान्याचाच होता, म्हणून भाई झटक्यात आत शिरले. कॅमेरा नेटवर्कवरून हाकलला, पाहुण्यांचं पुन्हा वेगळं केलं. शेवटी मुख्य पासवर्डाची जागा उघडून मोबाइल मावशीच्या हातात दिला.

"मला कुटं येतंय, भाई?"

"तुला येतंय तेच टाक. कुणाला सांगू नको. मलाबी न्हाई." आणि ते भिंतीकडे वळले. मावशी एका बोटाने अक्षरं शोधत होती, भाई भिंतीशी उभे. तिच्या अंगावरून कुणीतरी नजर काढून घेतल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे.

मालक आला तो ओरडतच. पासवर्ड बोल.

"माझी पाठ होती," भाई म्हणाले. "तिला म्हाईत हाय. पण आधी सांगा, क्यामेऱ्याचं तोंड तिकडं कशाला?"

मालकाने टाचणी मागितली, थाळीच्या रीसेटच्या भोकात खुपसली आणि सगळं होतं तसं करून टाकलं. कॅमेऱ्यासकट. मावशीला त्याच दिवशी खोली सोडावी लागली. बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर भाई हॅकर ठरले. ज्या मालकांचे पासवर्ड या माणसाने कधी पाहिले नाहीत, त्यांनीच त्यांना फाटकाबाहेर ठेवलं. महिनाभर कामाची वाट पाहून भाई लेकीकडे संगमनेरला निघून गेले.

जाण्याआधी लोणावळ्यात आमच्या संघटनेच्या खोलीत त्यांनी वायफाय बसवून दिलं. पासवर्ड कोण टाकणार यावर आम्ही वाद घालत होतो. भाईंनी मोबाइल सरळ मावशीकडे दिला.

मावशी आता चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरते. संघटनेच्या खोलीत नवा कुणी आला की वायफायसाठी त्याचा फोन तिच्याकडे जातो. ती म्हणते, "मागं फिर." कार्यकर्ता असो, वकील असो, पत्रकार असो, मुकाट्याने भिंतीकडे वळतो. मीही वळतो. त्या भिंतीवर आमचं पत्रक चिकटवलेलं आहे. खाली मोठ्या अक्षरांत भाईंचा प्रश्न: कॅमेऱ्याचं तोंड तिकडे कशाला? मालकाने अजून उत्तर दिलेलं नाही. कॅमेरा तिथेच आहे आणि त्या मागच्या खोलीत आता दुसरी बाई राहते.