पी.पी. उडवलेला नंबर

सांगलीत मी ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, तिथल्या सरांनी एका वधूवर मंडळाची वेबसाइट अंगावर घेतली आणि माझ्या गळ्यात मारली. तेव्हा शतक संपत आलं होतं, आणि जावास्क्रिप्ट येणारी गावात मी एकटीच, असं सरांचं मत होतं.

स्थळांचे फोन नंबर बघून डोकं फिरायची पाळी आली. कुणी एसटीडी कोड कंसात घातलेला, कुणी घातलेलाच नाही. कुठे मध्ये रेघ, कुठे टिंब. एकाने नंबरापुढे 'दुपारी झोपतो, करू नये' असंही कळवलेलं. आणि निम्म्या नंबरांपुढे पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, ते हाक मारून बोलवतील. त्यात माधवनगरचं आमचं घरही आलं. फोनचा अर्ज करून वडील थकले होते. आईने माझं स्थळ मंडळात नोंदवलं ते भिंतीपलीकडच्या काकूंच्या नंबरावर.

सगळे नंबर एका साच्यात बसवायला मी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं. रेघा, टिंबं, कंस काढायचे, कोड नसेल तर लावायचा, आणि पी.पी. तेवढं जपून शेवटी ठेवायचं. सरांना ते खपेना. पी.पी. दिसलं की स्थळ गरीब वाटतं म्हणाले, आकडे सोडून बाकी सगळं उडव. मी परोपरीने समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी उडवलं. एका ओळीचं काम.

पुढे एका रविवारी काकूंनी मला पोहे करायला बोलावलं. साताऱ्याचे पाहुणे त्यांच्या मुलीला बघायला येणार होते. मंडळाच्या नियमाने वेबसाइटवर मुलींची नावं नव्हती. फोनवर कुणीतरी मुलीच्या स्थळाचं विचारलं आणि काकूंनी आनंदाने या म्हणून सांगितलं. त्यांनीही चार ठिकाणी शब्द टाकून ठेवलेला होताच.

मी बशा घेऊन बाहेर आले, तेव्हा मुलाचे वडील काकूंच्या मुलीला विचारत होते, कॉम्प्युटर शिकवता म्हणे? ती शिवणक्लासला जायची. ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरांचा राग आला, पाहुण्यांचा आला, त्या बिचारीचाही आला. मुलगा मला आवडला होता, हेही सांगून टाकते.

"शिकवते ती मी," मी म्हणाले. "हा नंबर पी.पी. आहे."

पाहुण्यांनी पोहे संपवले, दोन्ही घरांना कळवतो म्हणाले आणि कुणालाच काही कळवलं नाही. पोरीच्या पुढ्यातलं ताट मी ओढलं, असं काकू गल्लीभर सांगत सुटल्या. आईने जाऊन हातापाया पडून पाहिलं. उपयोग झाला नाही.

स्थळांचे फोन त्यानंतरही येत होते. भिंतीपलीकडची घंटा वाजली की आई हातातलं काम टाकून उभी राहायची. मग काकूंचा आवाज यायचा.

"न्हाई वो. अशी कुणी मुलगी हितं ऱ्हात न्हाई."