तोळेमामांची हलकी चाकं

…तर मामा चाक छातीशी कवटाळून उभे, दुकानदार म्हणतोय, "मामा, खाली ठेवा, हात भरून येईल," आणि मामा डोळे मिटून म्हणतायत, "गप रे जरा, अंदाज घेतोय." इथपर्यंत काल आलो होतो. काल जो नव्हता त्याच्यासाठी मामा कोण ते आधी सांगून टाकू, म्हणजे मध्येच कोणी शेपूट धरून ओढायला नको.

तोळेमामा वजनकाटे दुरुस्त करायचे. भाजीवाल्याचा तराजू, रद्दीवाल्याचा हुकाचा काटा, दवाखान्यातलं वजनाचं यंत्र, सगळं त्यांच्याच हातून ताळ्यावर यायचं. तोळाभर इकडेतिकडे झालेलं त्यांना खपत नसे, म्हणून हे नाव. घरी पाहुणा आला की मामी पाणी द्यायच्या आणि मामा त्याची बॅग उचलून बघायचे. "साडेसात किलो." पाहुणा ओशाळायचा. बॅग काट्यावर जायची, साडेसातच भरायची, आणि त्या आनंदात मामा पाहुण्याला 'बसा' म्हणायचंच विसरायचे.

अशा माणसाने उतारवयात जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. लाल, दोन सीटची, आणि इतकी ठेंगणी की आत शिरायचं म्हणजे आधी बूड टाकायचं आणि मग पाय गोळा करायचे. मामा तिच्यावर लट्टू. मामींचं मात्र पहिल्याच फेरीत बिनसलं. रेल्वे फाटकाच्या अलीकडे रस्ता उखडलेला, आणि प्रत्येक खड्ड्याची बातमी गाडी थेट मामींच्या कंबरेला कळवायची. मामी फाटकाशी उतरल्या आणि पुलावरून जाणारी बस धरून घरी आल्या. मामा फाटकात अडकले. मामींचा चहा पिऊन झाला तेव्हा ते पोचले.

मामी कप विसळता विसळता म्हणाल्या, "अहो, शेवटचं सांगते. येत्या रविवारी ताईकडे जाताना एकदाच बसेन. कंबर बोलली तर गाडी त्या दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकायची. ते केव्हाचे मागतायत."

मामांना गाडी जाण्याची धास्ती होतीच, पण नुसती गाडी ठेवून तरी काय करणार? शेजारची सीट रिकामी ठेवून हिंडायला त्यांनी ती घेतलीच नव्हती. विचार करकरून त्यांनी निदान केलं: चाकं जड आहेत. जड चाक खड्ड्यात उडालं की गाडीलाही उडवतं. हलकं असेल तर रस्ता सोडणार नाही.

म्हणून ते दुकानात. गाडी दारात जॅकवर, तिचं एक चाक काढून टायरसकट आत आणलेलं, आणि पिशवीत स्वतःचा हुकाचा काटा.

दुकानदाराने आधी मोठ्या मापाची चकचकीत चाकं पुढे केली. "ही टाका मामा. काय रुबाब येईल."

"रुबाब आहे माझ्याकडे. मला कंपनीचंच माप दे, फक्त वजन कमी."

"अहो, या मापाला कोण विचारतं आता?"

"हे बघ, चाक मोठं केलं की टायर पातळ करावा लागतो. म्हणजे मधली रबराची गादी गेली. माझ्या बायकोच्या बुडाखालची गादी काढून तिला सांगू का, बघ किती रुबाब आलाय? आणि टायर तेवढाच जाड ठेवला तर तो मडगार्डला घासणार, वर वेगाचा काटा खोटं बोलणार. मी आयुष्यभर लोकांचे खोटे काटे सरळ केले, आता स्वतःच्या गाडीत एक घेऊन फिरू?"

दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि आतून मूळ मापाचं, बारीक दांड्यांचं चाक आणलं. बोल्टची भोकं जुळली, मधलं भोक जुळलं. मामांनी ते छातीशी धरलं, डोळे मिटले, मग काटा शटरच्या पाइपाला अडकवून आधी जुनं लटकवलं, मग नवं. नवं निम्म्याहूनही हलकं. मामांनी तिथूनच मामींना फोन लावला. "अगं, अर्ध्याहून कमी. रविवारी तुला वाटेल ढगात बसलीयेस."

"ढगात पोचवू नका म्हणजे झालं," मामी म्हणाल्या.

चारही चाकं घेतली. शेजारच्या टायरवाल्याने गाडीचे जुने टायर नव्या चाकांवर चढवले, हवा भरली. मामांनी सवयीने एक चाक पुन्हा हुकाला लावलं. काटा खाली गेला. आणखी खाली गेला. मामांनी त्याला टिचकी मारली. काटा ठीक होता.

जुनं चाक टायरसकट तोललं होतं आणि नवं बिनटायरचं. जन्मभर भाजीवाल्यांना "आधी टोपली वजा कर रे" म्हणून ओरडलेला माणूस स्वतः टायर वजा करायला विसरला. फरक होता, पण फोनवर सांगितलेल्याच्या पाव भागसुद्धा भरेना.

"तू बघत होतास ना तेव्हा?" मामांनी दुकानदाराला विचारलं.

"बघत होतो. म्हटलं, काटेवाल्याला आपण काय शिकवायचं? आणि मामींना कुठे कळतंय, मामा. सोडून द्या."

मामांनी काटा पिशवीत टाकला. घरी मामींना रविवारपर्यंत खरं वजन सांगितलं नाही. जेवताना दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा आत घास घातला.

रविवारी मामी देवाचं नाव घेऊन गाडीत उतरल्या. उखडलेला रस्ता आला. मामांचं अर्धं लक्ष खड्ड्यांकडे, अर्धं मामींच्या चेहऱ्याकडे. गाडी हलली, पण पूर्वीसारखी आदळली नाही. फाटक ओलांडलं, ताईंचं घर आलं, मामांनी गाडी कडेला घेतली. मामींनी कंबर इकडे वळवून पाहिली, तिकडे वळवून पाहिली.

"काही म्हणत नाही हो कंबर," त्या म्हणाल्या. "राहू दे गाडी. शेवटी अर्ध्या वजनाची चाकं, त्यांचा गुण येणारच."

आता नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. गाडी राहिली होती, सीट भरली होती, ताईंनी दारही उघडलं होतं. मामांनी स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले:

"अर्ध्या वजनाची नाहीत गं. टायर वजा करायचा राहिला माझ्याकडून, हलकी झालीत ती जेमतेम दोन-अडीच किलोंनी. आता तुझ्या कंबरेला परत एकदा विचारून घे, आणि लवकर विचार, ताई चपला घालून बाहेर यायला लागलीय."