फेलिसितास मॅमचे मिटलेले ओठ

फिलिपिन्समधल्या आमच्या बांतायान बेटावर इंग्रजी शिकवावं ते फेलिसितास मॅमनीच. मी त्याच शाळेत गणित शिकवते, पण त्यांचा आवाज भिंत भेदून माझ्या वर्गात येतो. भाषणाचं पहिलं वाक्य 'टू'नेच सुरू व्हायला हवं, ही त्यांची श्रद्धा. "'टू वर्क इज टू होप' म्हटलं की परीक्षक ताठ बसतात. 'वर्किंग' म्हटलंस तर नुसता घाम दिसतो," असं त्या सांगायच्या.

त्यांच्या वर्गातल्या रोजेलचं सगळं उलटं. घरी मासे वाळवायचा धंदा, त्यामुळे 'ड्राइंग फिश'शिवाय तिचं वाक्यच सुरू होत नसे.

"दोन्ही बरोबरच गं," मॅम वैतागून म्हणायच्या, "पण स्टेजवर माणूस इस्त्रीचे कपडे घालतो की नाही?"

"इस्त्रीत माझा जीव गुदमरतो, मॅम."

यंदा सेबू शहरातल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या येणाऱ्याला कॉलेज फुकट होतं. रोजेलला शिकायची दुसरी वाट नव्हती. विषय आयत्या वेळी मिळणार होता. सोबतीला मीही गेले होते. आमच्याकडे शिक्षक पहिल्या रांगेत बसून ओठ हलवतात आणि पोरं त्यावरून बोलतात. तिथे सगळ्यांचंच ते चालतं. पण स्टेजच्या पायऱ्या चढताना रोजेल वळून म्हणाली, "मॅम, आज तेवढे ओठ मिटून ठेवाल?"

मॅमचा चेहरा पडला. तरी त्यांनी मान हलवली.

विषय निघाला 'श्रम'. रोजेल माइकपुढे उभी राहिली आणि पहिलं वाक्यच शोधू लागली. तिची नजर फिरत फिरत मॅमवर आली. मॅमच्या ओठांवर 'टू' आलेला मला स्पष्ट दिसला. त्यांनी चटकन रुमाल तोंडात कोंबला. मला वाटलं, आता कॉलेज गेलंच म्हणायचं.

"ड्राइंग फिश इज ट्रस्टिंग द सन," रोजेल म्हणाली. मासे वाळवणं म्हणजे उन्हावर भरवसा टाकणं.

मग काय, पोरगी सुसाट सुटली. घोंगावणाऱ्या माश्या, अवचित आलेली पावसाची सर, आईच्या चिरलेल्या बोटांत झोंबणारं मीठ. परीक्षकांची पेनं थांबली. मला तर खुर्चीत बसवेचना, शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरून ठेवला होता.

पहिला नंबर रोजेलचा! परीक्षकांनी मॅमना वर बोलावून विचारलं, "असं पहिलं वाक्य यावं म्हणून काय मेहनत घेतलीत?"

मॅमचे डोळे वाहत होते.

"असं वाक्य तिच्या तोंडी येऊ नये म्हणून वर्षभर झटले, सर," त्या माइकवर म्हणाल्या. "माझं नशीब, पोरगी ऐकत नाही."