कपाळावरचं गंध

१९५७, वैशाख. मी अंगणात लाल मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. हातांची आग होत होती, पण डोकं त्याहून जास्त तापलं होतं. माझ्याकडेच राहणाऱ्या धाकट्या भावाला दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूच्या दवाखान्यात शिपाई म्हणून हजर व्हायचं होतं. माझ्या यजमानांनी डॉक्टरांकडे खेटे घालून ती जागा मिळवली होती. आणि हा सकाळपासून वस्तीतल्या विहारात भिंत रंगवत होता.

विहार म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली. आदल्या दसऱ्याला आम्ही दीक्षा घेतली, घरातले देव काढले. आता बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती आणि मूर्ती आणायची वस्तीची ऐपत नव्हती. भाऊ पूर्वी लग्नघरांच्या दारांवर गणपती काढायचा, म्हणून बुद्धाचं चित्र काढायचं काम त्याच्याकडे आपसूक आलं.

दिवस कलताना गलका ऐकू आला तशी मी गेले. चित्र चांगलं होतं. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा शांत. आणि कपाळावर लाल, उभं गंध. गणपती पुरा झाला की शेवटचं बोट गंधाचं ओढायचं, ही त्याची सवय. इथेही हात तसाच फिरला होता.

"काऊन बे," वस्तीतले एक म्हातारे पंच म्हणाले, "आम्ही देव दारातून बाहेर काढले, अन् तू भिंतीतून आत आणून राह्यला?"

"सोंड तेवढी राह्यली. तेबी काढ," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले, पण ते हसणं बरं नव्हतं.

भावाने ओल्या फडक्याने गंध पुसलं. लाल रंग नाकावर, गालांवर पसरला. चेहरा गेला.

"राहू दे आता," पंच म्हणाले. "नागपूरहून फोटो आणू."

घरी आल्यावर तो हातही न धुता म्हणाला, "बाई, मी उद्या सेलूले नाई जात. भिंतीले चुना मारतो. वाळला का पुन्हा काढतो."

"लोकाईले नको आहे तुह्यं चित्र. ऐकलं नाई का?"

"ऐकलं."

"अन् पौर्णिमा झाल्यावर काय खाशीन? गणपती काढायचेबी आता बंद झाले तुह्ये."

तो नखातला लाल रंग खरवडू लागला. "गणपती मी न पाहता काढत होतो, बाई. हात आपला चालत राहे. म्हणून तर आज फसलो. आजवर मी काईच पाहून काढलं नोतं."

"मग सुट्टीच्या दिवशी पाहून काढजो. नोकरी काऊन सोडतं?"

"सुट्टीत होणारं काम नाई हे."

लोक म्हणतात, माणूस कलेच्या मागे आवडीपोटी लागतो. मला त्याच्या चेहऱ्यावर आवड दिसली नाही. पायात काटा मोडलेल्या माणसासारखा तो बसला होता. काटा निघेपर्यंत त्याला दुसरीकडे चालताच येणार नव्हतं. मी हाताला धरून नेलं असतं तर तो सेलूला आला असता, शिपायाच्या स्टुलावर बसलाही असता. पण मग तिथे कोण बसलं असतं, हे मला सांगता येईना. पुढे त्याने हाल काढले, आणि त्या वेळी त्याचं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारीने सेलूला गेले आणि डॉक्टरांना सांगितलं की जागा अडवून ठेवू नका, दुसऱ्या कोणाला द्या. दुसरीकडे काम लागलं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. कुठे, ते त्यांनी विचारायच्या आत पायऱ्या उतरले.