सापगावातला भूर्जवृक्ष

भातसा नदीच्या काठावर हट्टी माणसांची कमतरता नाही, पण सूर्याशी समोरासमोर भांडण मांडणारे आमचे व्याहीच एकटे. जन्म वाशिंदच्या कारखान्यात बॉयलरपुढे भाजून काढला आणि निवृत्त झाल्यावर सापगावच्या अंगणात भूर्जवृक्ष लावला. हिमालयातला! आमच्याकडे वैशाखात कुत्रीसुद्धा मोरीतून उठत नाहीत, तिथे हे बर्फातलं झाड. मी मुरबाडचा, मुलगी त्यांच्या घरात दिलेली, म्हणून तोंडावर काही बोललो नाही.

खूळ निघालं ते विहीणबाईंच्या एका वाक्यातून. मुलाने आणि सुनेने दोघांना हिमाचलात फिरायला नेलं होतं. तिथे त्या पांढऱ्याशुभ्र खोडाची साल बोटाने सोलत विहीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आपल्या दारात असतं तर किती बरं झालं असतं!" आयुष्यभरात त्यांनी नवऱ्याकडे एवढं एकच मागितलं असावं. व्याह्यांनी तिथल्या रोपवाटिकेतून रोप घेतलं आणि मांडीवर घेऊन थेट घरी आणलं. आल्यावर वर्षभरातच विहीणबाईंच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. कल्याणला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. तेव्हापासून त्या घरात दोन आजारी होते आणि दोघांची शुश्रूषा एकच माणूस करत होता.

झाडाशी ते हिंदीत बोलत. "क्या बेटा, नींद आया?" मी विचारलं तर म्हणाले, "डोंगरातलं हाय ते. त्याला एकदम मराठी कसं कळंल?" बुंध्याभोवती ओलं गोणपाट, वर जुन्या धोतराचा मांडव. विहीणबाईंचा थर्मामीटर एकदा मी मातीत खुपसलेला पाहिला. व्याही घड्याळ धरून उभे. शहापूरच्या बाजारातून मासळीवाल्याकडचा बर्फ आणून मुळांशी पसरत. त्या बर्फाला बोंबलांचा वास, त्यामुळे गावातली झाडून सारी मांजरं झाडाभोवती गोल करून बसत आणि व्याही हातात काठी घेऊन त्यांना समजावत, "अगं बायांनो, मासं नाय इथं, पेशंट हाय!" खिडकीशी खाटेवर पडून विहीणबाई हे बघत आणि पोट धरून हसत. डायलिसिसहून आलं की त्यांना हुडहुडी भरे, वारा सोसत नसे. म्हणून घरातला एकुलता कूलरसुद्धा अंगणात झाडाकडे तोंड करून ठेवलेला असे.

झाडही खरोखर जगलं. पुरुषभर वाढलं, खोडावर पांढरेपणाची झाक आली. व्याही येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवत.

मग यंदाचा वैशाख आला. मी भेटायला गेलो त्या दुपारी विहीणबाईंच्या पायांवर सूज होती, श्वास लागत होता. "जीव तळमळतोय हो," एवढंच म्हणाल्या. व्याही उठले, अंगणात गेले, कूलरची पिन काढली. "व्याहीबुवा, जरा पलीकडनं धरा." आम्ही दोघांनी तो उचलून आत आणला, खाटेशी लावला. वाऱ्याने त्यांच्या कपाळावरचे केस हलले.

"झाडाला काय लावाल?" विहीणबाईंनी विचारलं.

"त्याला सांगितलंय मी."

"काय सांगितलंत?"

"घरातलं माणूस आधी."

बर्फ आणायला बाजारात जाणंही त्या दिवसापासून थांबलं; खाट सोडून ते हललेच नाहीत. आठवडाभरात पानं तपकिरी झाली, कुरकुरीत होऊन पडली. खिडकी लावून घ्यावी असं मी सुचवलं. विहीणबाईंनी मान हलवली. "असू दे उघडी. त्यानं आमच्यासाठी सोसलंय. बघायला तरी नको का कुणी?"

मृग लागायच्या आत त्या गेल्या. मुलगा आणि माझी मुलगी दिवसकार्य उरकून बंगळुरूला परतले. बरोबर चला म्हणाले, तर व्याही गेले नाहीत. वाळलेलं झाड त्यांनी कुणाला हात लावू न देता स्वतः उपटलं.

पावसाळा सरता सरता मी मुरबाडच्या रानातून कांडोळाचं एक रोप नेलं. व्याह्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "भूर्ज नाय हे."

"नाही. कांडोळ. मोठं झालं की याचंही खोड पांढरं होतं, साल कागदासारखी सुटते. आणि हे आपल्याकडचं आहे, उन्हाला भीत नाही."

"ते ते, आणि हे हे," ते म्हणाले आणि पिशवी भिंतीशी ठेवून दिली.

दिवाळीनंतर एका सकाळी व्याह्यांचा फोन आला. रोप त्यांनी कधी लावलं होतं, मला पत्ता नव्हता. "व्याहीबुवा, पानं गळाय लागलीत त्याची."

"गळणारच. थंडीत गळतात, पुन्हा येतात."

"पाणी किती घालू?"

"काही लागत नाही. खडकावर जगणारं झाड ते."

"सावली?"

"नको."

"खत?"

"काहीच नको. आपलं आपण वाढतं."

मग त्यांचा आवाज आला, इतका बारीक, की ओळखू येईना. "मंग आमी दिवसभर करायचं काय?"

"तसं नाही हो," मी म्हणालो, "अजून कोवळं आहे. रोज तांब्याभर घालत जा. एकदम नको, जवळ बसून, थोडं थोडं."

"बसून घालू?"

"हो. बसूनच."

"बरं," ते म्हणाले. "मंग ठेवतो. ऊन चढाय लागलं."