गठ्ठ्यामागे एक चटई

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे. आमचा म्हणजे शेठजींचा. मी मॅनेजर, असोद्याहून मोटारसायकलने येतो. शेजारच्या मोठ्या कारखान्यातून दुबईला कंटेनर जायचे आणि शेठजी म्हणायचे, एक्सपोर्ट हा मोठ्यांचा धंदा. मशीन तेच, माल तोच, तरी हे ठाम. मी भुणभुण लावून त्यांना एका ऑर्डरला कसंबसं तयार केलं. गठ्ठ्यांवर आमचं नाव छापून आलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

आमच्याकडे व्यापाऱ्याला गठ्ठ्यामागे एक चटई वर द्यायची पद्धत आहे. कुणी मागत नाही, सगळे घेतात. पॅकिंग बघणाऱ्या पारोळ्याच्या नानांनी दुबईच्या गठ्ठ्यांतही ती घातली. तिकडच्या बंदरावर गठ्ठे उघडले, कागदावरचा आकडा जुळेना, माल अडकला. नानांना जाब विचारला, तर ते शांतपणे म्हणाले, "बठ्ठासले देतस, मंग त्यासले काबर नही?"

सगळ्यांना देतो, मग त्यांना का नाही, हे नानांचं म्हणणं बाजूला ठेवून मी कागद दुरुस्त करायला घेतले.

माल उशिरा का होईना, सुटला. पण शेठजींनी धसका घेतला तो घेतलाच. शेजारच्या मॅनेजरला हे सांगितलं, तर तो म्हणाला, त्यांचाही कंटेनर असाच अडकला होता. त्यांच्या एक्सपोर्टच्या माणसांनी ते परस्पर निस्तरलं, मालकांच्या कानावरही गेलं नाही. आमच्याकडे एक्सपोर्टची माणसं म्हणजे मी आणि शेठजी, आणि शेठजींना ब्लडप्रेशर आहे.

दुबईच्या व्यापाऱ्याला माल आवडला होता. त्याने पुन्हा विचारणा केली.

"भाऊ, आपण लहान माणसं," शेठजी म्हणाले. "आपल्याला आपलं धुळं-भुसावळ बरं."

मी चिडलो, वाद घातला, उपयोग झाला नाही. ऑर्डर शेजारी गेली. त्यांची मशीनं रिकामी नव्हती, म्हणून चटया त्यांनी आमच्याकडूनच विणून घेतल्या. अजूनही घेतात. गठ्ठ्यांवर नाव त्यांचं असतं. जोखीम नाही, कटकट नाही, म्हणून शेठजी खूश आहेत. मला मात्र अजून राग येतो.

नाना शेजाऱ्यांनाही गठ्ठ्यामागे एक चटई वर देतात. शेजारी ती मोजून बाजूला काढतात आणि बाकीच्या दुबईला पाठवतात. त्यांच्या गेटवरचा वॉचमन त्यातल्याच एकीवर बसून डबा खातो. येता-जाता तो मला नमस्कार करतो.